लेक डिस्ट्रिक्टला कॉटेज घेऊन चालायला जाताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या वायव्येकडच्या या डोंगर-तळ्यांच्या भागात आठवडाभर कॉटेज (भाड्याचं घर) घ्यायचं, स्वयंपाक घरीच करायचा आणि रोज एक डोंगर चालायचा, हा बेत इंग्लंडातल्या मराठी घरांत उन्हाळ्यात शिजतो, तसाच ऑक्टोबरच्या हाफ टर्मलाही (शाळांची मधली सुट्टी). बेत फसला की खापर पावसावर फुटतं. गडबड मात्र बुकिंगच्या वेळीच झालेली असते. घर फोटो बघून ठरतं आणि वाटा नंतर शोधल्या जातात.

घर छान, बस नाही

‘केझिक गावापासून फक्त ८ मैल’ वाचून पैसे भरू नका. ते आठ मैल दोन्हीकडे दगडी गडगा असलेल्या अरुंद रस्त्याचे असू शकतात, समोरून ट्रॅक्टर आला की गाडी मागे घ्या! आधी चालायच्या वाटा ठरवा, मग त्या वाटांजवळून जाणारी बस शोधा आणि त्या बसच्या रस्त्यावर घर बघा. पेनरिथ स्टेशनहून एक्स४ किंवा एक्स५ बसने केझिकला येता येतं. तिथून ७८ नंबरची बस बॉरोडेल खोऱ्यात ग्रेंज, रॉस्थवेट करत सीटोलरला जाते. या पट्ट्यात राहिलात तर एका गावातून डोंगर चढून दुसऱ्या गावात उतरता येतं, गाडीपाशी परत यायचं बंधन नाही. गाडीवाल्यांनीही इथे बसच धरावी, असं माझं मत. हिवाळ्यातलं वेळापत्रक तेवढं वेगळं बघा.

शनिवारी रात्री रिकामं स्वयंपाकघर

कॉटेज बहुधा शुक्रवार किंवा शनिवारपासून आठवड्यासाठी मिळतं आणि किल्ली दुपारी चारच्या सुमारास हातात येते. सामान लावेपर्यंत संध्याकाळ होते. शनिवारी आलात तर दुसऱ्या दिवशी रविवार, आणि इंग्लंडात मोठी सुपरमार्केटं कायद्यानेच रविवारी फक्त सहा तास उघडी असतात. म्हणून पहिल्या रात्रीची खिचडी आणि सकाळचे पोहे घरूनच बांधून न्या. मिसळणाचा डबाही घ्या, तिथे मीठ-तेल असेलच असं नाही.

शेगडी कोणती, हे आधी विचारा. इंडक्शन असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, आणि कॉटेजमध्ये कुकर मिळणं कठीण. मसूर किंवा मूगडाळ न्या, साध्या पातेल्यातही शिजते. फोडणीआधी खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा. मोहरी तडतडली, मिरचीचा धूर झाला की स्मोक अलार्म घर डोक्यावर घेतो. मग कुणीतरी खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालत बसतं!

दुपारसाठी सँडविचपेक्षा धपाटे बरे. पाठपिशवीत चेपले तरी बिघडत नाहीत.

अंतर मोजलं, चढ विसरला

नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२चा हिशोब आजही चालतो: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. बॉरोडेलमधल्या सीथवेटहून स्कॅफेल पाइक हे शिखर (९७८ मीटर) करून परत यायचं म्हणजे १५ किलोमीटरच्या आसपास चाल आणि ९०० मीटरच्या घरातली चढाई. हिशोबाने साडेचार तास झाले, पण त्यात ना डबा, ना फोटो, ना दमलेली मुलं. सहा-सात तास धरा. नवखे असाल तर पहिल्या दिवशी ४५१ मीटरचा कॅटबेल्स डोंगर पुरे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. शनिवारी पावणेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचलाच मावळतो. हेडटॉर्च प्रत्येकाला वेगळा हवा.

फोनवरच भिस्त

खोऱ्यांत रेंज जाते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,०००चा कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवा. नकाशावरची हिरवी तुटक रेष म्हणजे चालायचा हक्क. जमिनीवर तिथे पायवाट दिसेलच असं नाही. स्कॅफेल पाइकच्या माथ्यावर धुकं असेल तर उतरताना दिशा ताडून बघा. चुकून पलीकडच्या वॉसडेल खोऱ्यात उतरलात तर बॉरोडेलला रस्त्याने परत यायला गाडीनेही तासाभराहून जास्त लागतो.

सीथवेटला वर्षाला ३ मीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बारा महिने. तेव्हा बूट ओले होणारच. कॉटेजमध्ये ते वाळवायची सोय आहे का, हे बुकिंगआधी विचारा. नसेल तर जुनी वर्तमानपत्रं न्या, रात्री बुटांत कोंबा.

अपघात झाला तर ९९९, पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू (डोंगरातलं बचाव पथक) हवं असं सांगायचं. रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटभरात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.