नळी, मास्क आणि पट्ट्या: अतिदक्षता विभागात उपकरणांचा काच कसा टाळावा

इंदूरच्या रुग्णालयांत बोलणे बहुधा हिंदीतच चालते. त्यामुळे रामबागेसारख्या मराठी वस्तीतून आलेल्या एखाद्या आजी मास्कखालून ‘काचतंय’ म्हणाल्या, तरी तो शब्द पलंगाजवळच्या सिस्टरला कळेलच असे नाही. आणि ज्याच्या तोंडात व्हेंटिलेटरची नळी आहे, त्याला तर तेवढेही म्हणता येत नाही. म्हणून हा काच रुग्णाने सांगण्याची वाट न पाहता आपणच शोधायचा असतो.

माकडहाडावरचे बेडसोअर सर्वांना ठाऊक असतात, पण उपकरणाची जखम नाकाच्या दांड्यावर, कानामागे, ओठाच्या कोपऱ्यात किंवा बोटाच्या टोकावर होते. तिचा आकार बहुधा उपकरणासारखाच असतो: पट्ट्याखाली सरळ रेघ, झाकणाखाली गोल खळगा.

उपकरण सैल करून किंवा उचलून त्याखालची त्वचा दिवसातून किमान दोन वेळा पाहावी. अंगावर सूज असेल तर त्याहून अधिक वेळा. माझ्या मते पाळी बदलताना दोघा परिचारिकांनी एकत्र पाहणे सर्वांत उत्तम, कारण तेव्हा कालचा आणि आजचा फरक लक्षात येतो. लाल जागा बोटाने काही सेकंद दाबून सोडल्यावर पांढुरकी झाली नाही, तर इजा सुरू झाली आहे असे समजावे. सावळ्या त्वचेवर लाली लपते, त्यामुळे तेथे ऊब, कडकपणा आणि सूज शेजारच्या त्वचेशी हाताने ताडून पाहावी.

सर्वाधिक त्रास देतो तो श्वासाला आधार देणारा, घट्ट बसणारा मास्क. नाकाच्या दांड्यावर त्वचा जवळजवळ हाडालाच टेकलेली असते आणि हवा गळू नये म्हणून आपण पट्टे आवळत जातो. त्यापेक्षा मास्क योग्य मापाचा निवडावा, पट्ट्याखाली दोन बोटे जातील इतपत सैल ठेवावा आणि श्वासाला पुरेसा आधार मिळत असल्यास थोडी गळती चालू द्यावी. संरक्षक पातळ फोमची किंवा हायड्रोकोलॉइडची (जेलसारख्या थराची) पट्टी लाली दिसल्यावर नव्हे, तर मास्क लावण्यापूर्वीच लावावी. मात्र थरावर थर चढवू नयेत, कारण त्याने दाब वाढतो. डॉक्टरांच्या परवानगीने अधूनमधून मास्क काढून घाम टिपावा, आणि उपलब्ध असल्यास वेगळ्या आकाराचा मास्क आलटून पालटून वापरावा.

तोंडातील नळी प्रत्येक पाळीत ओठाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकवावी. हे काम एकट्याने कधीही करू नये: एकाने नळी धरावी, दुसऱ्याने चिकटपट्टी सोडवावी, आणि दातांपाशी किती सेंटिमीटरची खूण आहे ती आधी व नंतर पाहून छातीच्या दोन्ही बाजूंचा श्वास ऐकावा. श्वासनलिकेत नळीभोवती असलेल्या फुग्यातील दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असावा आणि तो मापकानेच मोजावा; बाहेरचा छोटा फुगा चिमटीत दाबून केलेला अंदाज फसवा असतो.

रायल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने, नाकपुडी वर ओढली जाऊ नये. ऑक्सिजन मोजणारा क्लिप दर चार तासांनी दुसऱ्या बोटाला लावावा; रक्तदाब वाढवणारे नॉरएड्रेनालिन चालू असून बोटे गार असतील तर त्याहून लवकर. लघवीची नळी मांडीवर ताण न देता चिकटवावी. कुशी बदलल्यावर पाठीखालून एकदा हात फिरवावा, कारण ईसीजीची तार किंवा सुईचे टोपण तेथेच राहिलेले असते.

आपल्या घरांत मंगळसूत्र, कुड्या आणि जोडवी काढायला नातेवाईक कचरतात, आणि त्यामागची भावना मला पूर्ण कळते. तरीही सूज चढली की मण्यांचे आणि वाट्यांचे वळ मानेवर उठतात, अंगठी बोटात रुतते. दागिने दाखल होतानाच, त्यामागचे कारण मराठीत समजावून, नोंदवहीत सही घेऊन घरच्यांच्या हाती द्यावेत.

लाली दिसलीच तर त्या जागेचा दाब प्रथम दूर करावा. घरून आणलेले खोबरेल तेल चोळू देऊ नये. दुखावलेली त्वचा मालिशने आणखी बिघडते. जागा, आकार आणि वेळ नोंदवावी, आणि त्याच फेरीत डॉक्टरांना विचारावे की हे उपकरण आज काढता येईल का.