पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला तर काय करायचं? डिजिटल अरेस्टपासून वाचायची पद्धत

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून "तुम्हाला अटक झालीय" असं सांगून कॅमेऱ्यासमोर अडकवून ठेवणं आणि पैसे उकळणं, असा प्रकार आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. अटक करायची तर पोलिसाला समक्ष यावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक होत नाही, मग समोरचा स्वतःला सीबीआयचा म्हणो, ईडीचा नाहीतर कस्टमचा. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हे सांगितलं होतं, तरी अजून चांगले शिकलेसवरलेले लोक फसतायत, कारण एकदा भीती बसली की डोकं चालत नाही आणि या लोकांचा धंदाच मुळी भीती घालण्याचा आहे.

कॉल ओळखायचा कसा

सुरुवात बऱ्याचदा रेकॉर्ड केलेल्या आवाजाने होते, "दोन तासांत तुमचा मोबाइल नंबर बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा." दाबलं की ट्रायचा (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) अधिकारी म्हणून कोणीतरी बोलतो, तुमच्या आधारवर दुसरं सिम निघालंय आणि त्यावरून घाणेरडे मेसेज गेलेत म्हणतो. (ट्राय असे नंबर बंद करायचे कॉल करतच नाही.) नाहीतर कुरियरची स्टोरी, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलंय. मग "पोलिसांना जोडून देतो" म्हणत गाडी व्हॉट्सॲप व्हिडिओवर येते, तिथे खाकी वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, बाजूला वायरलेसची खरखर, आणि तो तुमचा आधार नंबर घडाघडा वाचून दाखवतो. इथेच माणूस हादरतो, याला माझा नंबर माहीत आहे म्हणजे खराच असणार असं वाटतं. पण असा डेटा लीक होतो, विकला जातो, त्यामुळे आधार नंबर माहीत असणं हा अधिकारी असल्याचा पुरावा धरू नका.

पाठोपाठ सही-शिक्क्याचं अटक वॉरंट येतं. तेही कोणीही कॉम्प्युटरवर बनवू शकतं. पोलिसांनी हजर राहायची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं चालणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्येच स्पष्ट केलंय.

सगळ्यात मोठी खूण मात्र वेगळी आहे. "ही नॅशनल सिक्युरिटीची केस आहे, घरात कोणाला सांगायचं नाही, दार लावून घ्या, कॅमेरा चालू ठेवा." माणसाला एकटं पाडलं की पुढचं सगळं सोपं जातं त्यांना. बायकोने किंवा मुलाने नुसतं विचारलं ना, कोणाशी बोलताय एवढा वेळ, तरी खेळ मोडतो, म्हणून तर एवढी लपवाछपवी.

मग करायचं काय

पहिलं म्हणजे फोन कट करा. काही समजावत बसू नका, माफी मागू नका, सरळ कट. "कट केलंत तर अर्ध्या तासात टीम घरी येईल" म्हणतील, येऊ दे.

दुसरं, लगेच कोणाला तरी सांगा. घरात कोणी नसेल तर शेजारी जा, भावाला फोन लावा, कोणीही चालेल. मी तर म्हणेन पैसे वाचवणारी खरी पायरी हीच.

शंका राहिलीच तर जवळच्या पोलीस स्टेशनला जा नाहीतर ११२ ला फोन करा, त्या कॉलवाल्यांनी दिलेल्या नंबरवर फिरून फोन करायचा नाही. आणि "पैसे व्हेरिफिकेशनसाठी आरबीआयच्या खात्यात टाका, क्लिअर झाले की परत मिळतील" हे आलं की समजून जा, कुठलीच सरकारी एजन्सी तपासासाठी असे पैसे भरायला लावत नाही. स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगितलं तर तेही नाही.

कॉलचे, त्या वॉरंटचे स्क्रीनशॉट ठेवा आणि पैसे गेले नसतील तरी नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलवर चक्षू नावाची फसव्या कॉलची तक्रार करायची सोय आहे, तिथे रिपोर्ट करा.

घरात म्हातारे आईवडील असतील तर आजच बसून बोला त्यांच्याशी. एफडी मोडायच्या किंवा मोठी रक्कम पाठवायच्या आधी मला एक फोन, काहीही झालं तरी, एवढं ठरवून ठेवा आणि नेटबँकिंगची रोजची लिमिट कमी करून घ्या.

पैसे गेलेच असतील तर

लाज वाटून गप्प बसू नका, एकेक मिनिट महत्त्वाचं असतं कारण पैसे पटापट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवले जातात. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्यावर बँकेकडून मिळणारा व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा, बँकेलाही कळवा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. वेळेत कळलं तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येते.

यानंतर काही दिवसांनी "तुमचे पैसे परत आणून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा" असा फोन येऊ शकतो. तोही फ्रॉडच, पोलीस पैसे परत आणायची फी घेत नाहीत, तोही नंबर चक्षूवर टाका.