गेरूवरचा अंटार्क्टिका

आठ मार्चला, महिला दिनी, पुण्यात आमच्या कर्वेनगरच्या इमारतीत, जिन्यासमोर मी अंटार्क्टिका काढते. ठिपक्यांची रांगोळी येत असेल तर हीसुद्धा येईल. सव्वाचार फुटांची चौकोनी जागा पुरते. गेरू आदल्या रात्रीच सारवा, कारण ओल्या गेरूवर पांढरी रांगोळी गुलाबी पडते. मंडईतून दोन तऱ्हेची रांगोळी आणा: रेघेला बारीक, भरायला भरड.

मधोमध कुणाला तरी सुतळीचं टोक दाबून धरायला सांगा. दुसऱ्या टोकाला खडू बांधून ६० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ फिरवा. मध्य म्हणजे दक्षिण ध्रुव. एका अक्षांशाला दोन सेंटीमीटर धरले की हे बाहेरचं वर्तुळ ६० अंश दक्षिण. ४७ सेंटीमीटरवर तुटक रेघेने आणखी एक, ते अंटार्क्टिक वृत्त.

आता वर्तुळाला घड्याळ समजा. बारावर शून्य रेखांश, तिथून काटे फिरतात तशी पूर्व. किनाऱ्याच्या खुणा मध्यापासून मोजून करा: बाराला ४०, एकला ४१, दोन ते चार ४६, पाचला ४३, सहाला एकदम आत २४ (हा रॉस समुद्र), आठला ३२, नऊला ३४. दहाला शेपटासारखं द्वीपकल्प, थेट ५४ पर्यंत, तीन बोटं रुंद. त्याला लागून साडेदहाला पुन्हा आत २५, हा वेडेल समुद्र. अकराला २८. खुणा जोडताना हात थोडा थरथरू द्या, किनारा सरळ नसतोच. आतला भाग भरड रांगोळीने भरा. समुद्र भरायचा नाही, गेरूच समुद्र.

मग ठिपके. मी ही रांगोळी काढते ती यांच्यासाठीच. बारा वाजून दोन मिनिटांच्या खुणेवर, ४० सेंटीमीटरला, उडदाच्या चार दाण्यांचा चौकोन ठेवा. हे दक्षिण गंगोत्री, भारताचं अंटार्क्टिकावरचं पहिलं केंद्र. ते उभं राहिलं १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत. त्या मोहिमेच्या फिनपोलारिस जहाजावर, गोव्याहून, दोघीजणी गेल्या. अंटार्क्टिकावर उतरलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया.

चौकोनाच्या दीड सेंटीमीटर आत कुंकवाचं पहिलं बोट: भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता. शिरमाकर टेकड्यांचे खडक त्यांनी अभ्यासले. तिथे उघडा दगड आहे, म्हणून कुंकवाभोवतीची पांढरी रांगोळी बोटाने पुसून गेरू दिसू द्या. दुसरं बोट किनाऱ्याबाहेर, पाण्यात, ४२ ला: अदिती पंत. समुद्रवैज्ञानिक, तिथल्या समुद्रातले सूक्ष्म जीव हा त्यांचा विषय. त्या पुणे विद्यापीठाच्या पदवीधर, आणि पुढे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केलेल्या. पाषाण आमच्यापासून असं कितीसं लांब! तरी महिला दिनाच्या फलकावर त्यांचं नाव मला आमच्या भागात अजून दिसलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

जागा उरली तर दोन ठिपके हळदीचे. एकोणपन्नास मिनिटांवर, ४४ ला, द्वीपकल्पाच्या डाव्या कडेला स्टोनिंग्टन बेट. जॅकी रॉन आणि जेनी डार्लिंग्टन यांनी १९४७ चा हिवाळा तिथे काढला, त्याआधी कुठल्याच बाईने अंटार्क्टिकात हिवाळा काढला नव्हता. अडीचच्या जागी, ४१ ला, भारताचंच भारती केंद्र: इस्रोच्या मंगला मणी वयाच्या ५६ व्या वर्षी ४०३ दिवस तिथे राहिल्या.

शेवटचं काम मुलांना द्या. दक्षिण गंगोत्री हिमाखाली गाडलं गेलं आणि केंद्र हलवावं लागलं. चहाच्या गाळणीत बारीक रांगोळी घेऊन ती उडदाच्या दाण्यांवर हळूहळू झटकायला सांगा, काळं दिसेनासं होईपर्यंत. गाळणीखाली दुसरा तळहात आडवा धरा, म्हणजे कुंकवाच्या दोन बोटांवर कणही पडणार नाही.