रेवाल चालीचा घोडा घेताय? मग या चुका टाळा

रील बघून मारवाडी घोडा घ्यायचं मनावर घेतलेले लोक आजकाल पुष्कळ भेटतात, आणि त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही, जनावर आहेच तसं. आत वळलेले कान, टोकाला टोक टेकलेलं, ताठ मान, अंगावरची कातडी इतकी पातळ की पळून आला की शिरा दिसतात. पण एकदा रेवाल नावाच्या मऊ चालीत चाललेल्या घोड्यावर बसलात की कान-बिन सगळं विसरायला होतं. घोडा दुडकीच्या वेगाने निघालाय आणि वरचा माणूस आरामखुर्चीत बसल्यासारखा, रिकिबीत उठबस नाही, कमरेला हिसका नाही. मारवाड, काठियावाड, कच्छ या भागात रस्ते नव्हते तेव्हा लांबलांब अंतरं घोड्यावरच कापायची, आणि दिवसभर बसायचं तर असलाच घोडा हवा. म्हणून या चालीला मान.

होतं काय तर साधी दुडकी म्हणजे तिरके दोन पाय एकदम, पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट, आणि मध्ये क्षणभर चारही पाय हवेत. तो क्षण आपल्याला आपटतो. रेवालमध्ये चारही पाय वेगवेगळे पडतात, मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, आणि कुठला ना कुठला पाय जमिनीवर असतोच, त्यामुळे उडी नाही.

आता पहिली चूक, आणि सगळ्यात महागात पडणारी: मारवाडी म्हटला की रेवाल असणारच असं धरून चालणं. नसतो. मारवाडीत आणि काठियावाडीत पुष्कळ घोड्यांना ही चाल असते, सगळ्यांना नाही. कच्छी-सिंधी घोडा रेवालसाठी प्रसिद्ध आहे, पण कान आणि रुबाब मारवाडीसारखा नाही म्हणून हौशी गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत नाही, जे मला तरी पटत नाही. चाल हवी असेल तर चाल बघा ना. बाकी ही चाल मुळात रक्तातली गोष्ट आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली दाखवलं की डीएमआरटी3 नावाच्या जीनमधल्या एका बदलामुळे मज्जारज्जूतून पायांना जाणारं गणित बदलतं आणि घोड्याला अशा जादा चाली जमतात. पुढे 2014 मध्ये 141 जातींचे 4396 घोडे तपासले तर हा बदल 68 जातींत सापडला, आणि अशा चालीच्या जातींमध्ये त्याचं प्रमाण भरपूर होतं. एकटा जीन सगळं ठरवत नाही, अंगाची ठेवण, पाठ, ट्रेनिंग हेही लागतं, पण जे मुळातच नाही ते मारूनमुटकून येत नाही.

आणि इथेच दुसरी चूक होते, किंवा चूक कसली, क्रूरपणा. चाल नसलेल्या घोड्याच्या पायात साखळ्या घालायच्या, जड नाल ठोकायचे, तोंडात काटेरी लगाम द्यायचा, की घोडा दुखणं टाळायला पाय विचित्र उचलतो आणि व्हिडिओत ते भारी दिसतं. काटेरी लगामाला आपल्याकडे 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, तरी तो सर्रास दिसतो. घोडा बघायला गेलात की आधी तोंड बघा. ओठांच्या कोपऱ्यात जुने व्रण, जिभेवर कापल्याची खूण, हिरडीचा मधला रिकामा भाग सुजलेला, खुराच्या वर केस गेलेले किंवा पांढरे आलेले, यातलं काहीही दिसलं तर तो घोडा कितीही डौलात चालू दे, चाल त्याची नाही.

लग्नात नाचणारा घोडा म्हणजे रेवाल घोडा, हाही एक गोड गैरसमज. नाच शिकवलेला असतो, त्याचा आणि या चालीचा संबंध नाही. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकणारा घोडा, जशी उंटाची चाल असते. लांबून बघितलं तर रेवालच वाटतो, बसलात की डावी-उजवीकडे झुलवतो. ओळखायला सोपं आहे, घोडा कडक रस्त्यावर चालवायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. टक टक टक टक असे चार सारखे ठोके आले तर रेवाल, टकटक... टकटक असे जोडीने आले तर गाडी उंटाच्या चालीकडे झुकलीय, नुसतेच दोन जड ठोके तर एक तर साधी दुडकी नाहीतर पूर्ण उंटाची चाल. खात्री नसेल तर मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर धरून बाजूने स्लो मोशन घ्या आणि पाय मोजा. आणि विकणाऱ्याच्या माणसाने शंभर मीटर पळवून दाखवलं त्यावर जाऊ नका, स्वतः दोन-तीन किलोमीटर बसा, घोडा थकल्यावर पण चाल टिकते का ते तेव्हाच कळतं.

बरं, घोडा घरी आणला आणि महिन्या-दोन महिन्यात चाल बिघडली अशी तक्रार तर कायमची. लगेच घोडा फसवा निघाला म्हणू नका, आधी खोगीर काढून पाठ बघा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हळूहळू दाबत मागे जा, घोडा पाठ खाली टाकत असेल, शेपटी झटकत असेल, कान मागे पाडत असेल तर पाठ दुखतीये, आणि पाठ दुखणारा घोडा चांगला चालणार कसा. बहुतेक वेळा खोगीर खांद्याच्या हाडावर चढलेलं असतं किंवा आपण स्वतः पार मागे घोड्याच्या कंबरेवर रेलून, पाय पुढे टाकून बसलेलो असतो, जुनी ऐट म्हणून. मधोमध बसा, लगाम ओढून धरू नका.

पाठ ठीक असेल तर नालबंदाला बोलवा, खूर लांब वाढले किंवा एक बाजू जास्त घासली की पायांचा ताल हमखास जातो. तेही ठीक असेल तर मग ट्रेनिंगचा भाग. उंटासारखा चालायला लागला असेल तर वेग कमी करा, थोड्या चढावर, मऊ जमिनीवर न्या, जमिनीवर आडव्या काठ्या टाकून त्यावरून सावकाश चालवा. दुडकीत पडत असेल तर उलट, कडक सपाट रस्ता किंवा अगदी किंचित उतार. सगळ्यात जास्त फायदा साध्या भरभर चालण्याचा होतो, पण ते कुणाला करायचं नसतं कारण त्यात व्हिडिओ होत नाही.

वयाची घाई पण नको. दोन वर्षांच्या शिंगराला अंग भरलेलं दिसतं म्हणून वर बसतात, पण मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते. चार वर्षांचा होईपर्यंत हातात धरून चालवा, मग हलक्या माणसापासून सुरुवात करा.

आता विकणारे सांगतात त्या राजघराण्याच्या ब्लडलाइनबद्दल. मारवाडी घोडा मारवाडच्या राठोड राजांनी जपला हे खरं, पण संस्थानं गेली, मोटारी आल्या आणि हे घोडे ओझी वाहायला लागले, मारलेही गेले. जोधपूरचे महाराजा उमेदसिंहजी यांनी त्याआधीच 1930 च्या दशकात आणि पुढे त्यांचे नातू गजसिंहजी यांनी हात दिला म्हणून जात टिकली. मारवाडीचं नोंदणी-पुस्तक 2009 मधलं आहे. म्हणजे सात पिढ्यांची वंशावळ तोंडी सांगणाऱ्याला विचारा की नोंदणी क्रमांक काय, अंगावर छाप कुठे आहे. उत्तर नसेल तर वंशावळीचे पैसे मोजायचे नाहीत, समोरच्या घोड्याचे मोजायचे.

सारंगखेड्याच्या किंवा पुष्करच्या यात्रेतून घेणार असाल तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा निगेटिव्ह रिपोर्ट आधी हातात घ्या मग बयाणा द्या. हा रोग माणसालाही होतो, आणि पॉझिटिव्ह निघालेला घोडा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्याखाली मारून टाकावा लागतो, तिथे कुणाची रदबदली चालत नाही. रिपोर्टवरचं घोड्याचं वर्णन, कपाळावरचा टिळा, कुठला पाय पांढरा, हे समोरच्या घोड्याशी जुळवून बघा, कारण एकाच रिपोर्टवर दोन घोडे खपवणारे पण असतात.