कार्यक्रम बंद पडले तर: एका निवेदिकेच्या वहीतून

मी खेळ पैठणीचा, डोहाळजेवण, बारसं, वाढदिवस आणि लग्नातल्या संगीताचं निवेदन करते. चिंचवडला राहते, २०११ पासून हेच काम. नवरा रिक्षा चालवतो. ८ मार्च २०२० ला रविवार होता, महिला दिनाचे लागोपाठ दोन कार्यक्रम केले. दुसऱ्याच दिवशी पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. मग आठवडाभर फोन वाजत राहिला आणि जवळजवळ प्रत्येक फोन तारीख रद्द करायचा होता. २५ मार्चला गुढी उभारली तेव्हा सगळा देश बंद झाला होता. रिक्षा दारात, स्पीकर पलंगाखाली.

या कामात नव्याने आलेली मुलं-मुली विचारतात, "ताई, पुन्हा तसं झालं तर काय करायचं?" माझ्याकडे त्या दोन वर्षांच्या हिशेबाची वही आहे. तिच्यात काय चुकलं आणि काय निभावलं, ते इथे मांडते.

ॲडव्हान्सचा हिशेब सगळ्यात आधी

काम थांबलं की पहिल्या दिवशी डायरी काढून बसा. माझ्या डायरीत १५ मार्च ते ३१ मे या काळात १९ कार्यक्रम होते. त्यांतल्या १७ जणांनी प्रत्येकी २,००० रुपये ॲडव्हान्स दिला होता, म्हणजे ३४,००० रुपये. खात्यात शिल्लक होती ११,४०० रुपये. बाकीचे पैसे कुठे गेले, हे शोधायला फार वेळ लागला नाही. मुलांची फी, नवा कॉर्डलेस माईक आणि बक्षिसासाठी फेब्रुवारीत येवल्याहून आणलेल्या नऊ सेमी पैठण्या. न केलेल्या कामाचे पैसे मी खर्च करून बसले होते. त्या वर्षातला माझा सगळ्यात मोठा त्रास आजारानं आणला नव्हता, याच सवयीनं आणला होता. या धंद्यात बहुतेक जण असंच करतात. सीझनचा ॲडव्हान्स हातात पडला की आपण त्याला कमाई समजतो.

मग एका कागदावर तीन रकाने पाडले: नाव, तारीख, किती देणं. कोणी फोन करण्याआधी मीच सगळ्यांना फोन केला. हे फार महत्त्वाचं आहे. लोक चिडतात ते पैसे अडकले म्हणून कमी, समोरचा फोन उचलत नाही म्हणून जास्त. फोननंतर प्रत्येकाला हा निरोप पाठवला:

"नमस्कार काका. तुमचा २,००० रुपये ॲडव्हान्स माझ्याकडे जमा आहे. कार्यक्रम पुढे कधीही घेतलात तरी याच दरात करीन. पैसे परत हवे असतील तर तसं सांगा, एकदम जमले नाहीत तरी दर महिन्याला ५०० रुपये पाठवून फेडीन."

सहा जणांनी पैसे परत मागितले. आठ जणांनी तारीख पुढे ढकलली. तिघं म्हणाले, "राहू दे ताई, तुम्हालाच लागतील." त्या तिघांची नावं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीत. परत मागणाऱ्यांपैकी दोघांच्या घरी आजारपण होतं, त्यांना त्याच दिवशी पूर्ण रक्कम दिली. उरलेल्या चौघांचे हप्ते जुलैपर्यंत फिटले. निरोप लेखी असल्यामुळे नंतर एकाशीही वाद झाला नाही.

आता ॲडव्हान्स वेगळ्या बचत खात्यात जातो. त्या खात्याचं कार्ड मी घेतलेलंच नाही. कार्यक्रम झाला, त्या रात्री तो पैसा माझा होतो. तुम्ही या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

घरखर्च, रेशन आणि हप्ते

उत्पन्न थांबल्यावर खर्चाची यादी महिन्याची करू नका, आठवड्याची करा. महिन्याचा आकडा बघितला की छाती दडपते आणि आपण वही मिटून ठेवतो. आठवड्याचं किराणा, दूध, गॅस एवढं डोळ्यांसमोर मावतं.

रेशनकार्ड कपाटातून बाहेर काढा. आमचं केशरी. कित्येक वर्षं आम्ही त्यावर काही उचललंच नव्हतं, आणि रांगेत उभं राहायला मला संकोच वाटत होता. मे आणि जून २०२० मध्ये केशरी कार्डावर माणशी तीन किलो गहू ८ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ १२ रुपयांनी मिळाला. आम्ही चौघं. १९२ रुपयांत बारा किलो गहू आणि आठ किलो तांदूळ घरात आला. आधार जोडलंय का, मुलांची नावं कार्डावर चढलीत का, हे काम चालू असतानाच तपासून ठेवा.

कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत रिझर्व्ह बँकेने आधी मार्च ते मे आणि नंतर ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत दिली होती. आमच्याकडे पुष्कळांना वाटलं की हप्ता माफ झाला. हप्ता माफ झाला नव्हता, पुढे गेला होता, आणि व्याज चालूच होतं. समजा ९०,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज १४ टक्के आहे, तर महिन्याला १,०५० रुपये नुसते साचतात, तीन महिन्यांत ३,१५०. व्याजावर चढलेल्या व्याजाचा फरक त्या वर्षाच्या शेवटी सरकारने परत केला, पण ती रक्कम लहान होती. आम्ही रिक्षाचा मोठा हप्ता पुढे ढकलला आणि साऊंडचा लहान हप्ता चालू ठेवला. पुन्हा अशी सवलत आली तर आधी विचारा: व्याज थांबतंय का, मुदत वाढतेय का, हप्ता वाढतोय का? उत्तर लेखी घ्या.

खासगी सावकाराकडे जाऊ नका. ओळखीच्या एका ढोलकीवाल्याने शेकडा दहा रुपये महिना दराने पैसे उचलले. मुद्दल तसंच राहिलं आणि ढोलकी गेली. नंतर त्याने हातगाडीवर भाजी विकली, तेव्हा कुठे तो सावरला. त्याला जूनमध्ये भेटले तेव्हा तो म्हणाला, "गाडी मार्चमध्येच लावायला पाहिजे होती, लाजेपायी तीन महिने घालवले."

सामान विकू नका, सांभाळा

त्या काळात जुनं सामान घेणारे फिरत होते. तीस हजारांचे स्पीकर आठ हजारांना मागायचे. अगदी चूल बंद पडायची वेळ आली तर गोष्ट वेगळी, पण दागिना आणि माईक यांतलं एक निवडायचं झालं तर मी माईक ठेवीन. दागिना बँकेत तारण ठेवून सोडवता येतो. विकलेला साऊंड पुन्हा उभा करायला दोन सीझन जातात.

बंद सामान पावसाळ्यात खराब होतं. कॉर्डलेस माईकमधले सेल आधी काढा, सेल पाझरला की आतल्या पट्ट्या सडतात आणि माईक संपतो. माझा एक असाच गेला. मिक्सर आणि स्पीकर जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी किंवा विटा घाला. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत पाणी धरतं, त्यापेक्षा जुनी सुती चादर बरी. दर पंधरा दिवसांनी सगळं जोडून अर्धा तास हलक्या आवाजात चालवा. वायरी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा. बक्षिसाच्या साड्या मलमलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा घडी बदला, नाहीतर जर घडीवरच चिरते.

आवाजाला दुसरं गिऱ्हाईक शोधा

नवऱ्याच्या रिक्षास्टँडजवळचा भाजीवाला एकच वाक्य ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा. मी त्याला मोबाईलवर ते वाक्य बोलून दिलं: कांदा-बटाटा, टोमॅटो, दर, "मास्क लावून या, अंतर ठेवून उभे राहा." त्याने स्पीकरवर लावलं. आठवड्यात आणखी चौघं आले. एका रेकॉर्डिंगचे २०० रुपये घ्यायचे. मग गिरणीवाला आला, डेअरीवाला आला, आणि जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका आल्या तेव्हा मावळातल्या गावांतून प्रचाराच्या घोषणा आल्या. नवऱ्याची रिक्षाही प्रचाराला लागली. त्या पंधरा दिवसांत आमचा घरखर्च पहिल्यांदा घरच्या कमाईतून निघाला.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. रात्री अकरानंतर गोधडी डोक्यावरून घ्या, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, म्हणजे प आणि फ फुटत नाहीत. पंखा बंद. एक वाक्य तीनदा बोला आणि गिऱ्हाइकाला एकच पाठवा, तीन पाठवलेत तर तो चौथं मागतो. पैसे आधी.

फोनवरचे कार्यक्रम

पहिलं ऑनलाइन डोहाळजेवण मी जून २०२० मध्ये केलं. मुलगी न्यू जर्सीत, सासर नागपूरला, माहेर निगडीत. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे सकाळचे अकरा. ही वेळ मला फार उपयोगी पडली, दोन्हीकडची माणसं जेवणाच्या गडबडीत नसतात.

पहिल्या कार्यक्रमाला मी नेहमीसारखी तास-दीड तासाची तयारी केली होती. झूमच्या मोफत खात्यावर चाळीस मिनिटांनी सगळं बंद पडलं, ओटीची वेळ आली आणि पडदा काळा. म्हणून चाळीस मिनिटांचाच कार्यक्रम बांधा: पाच मिनिटं ओळखी, पंचवीस मिनिटं खेळ, दहा मिनिटं उखाणे आणि आशीर्वाद. यापेक्षा जास्त वेळ लोकांचं लक्षही टिकत नाही. खेळ घरातल्या वस्तूंचे ठेवा. "देवघरातली घंटा कोण आधी आणतंय," "एका मिनिटात किती टिकल्या," वाट्यांचा मनोरा. उखाणा ऑनलाइन सगळ्यात छान रंगतो, कारण एकावेळी एकच जण बोलतो. समूहगीत मात्र करू नका, आवाज मागेपुढे येतात आणि आजीबाई गोंधळून जातात. घरातल्या एका तरुण मुलाला आदल्या दिवशी फोन करून बाकीच्यांचे माईक बंद-चालू करायचं काम द्या.

खिडकीकडे तोंड करून बसा, रात्री असेल तर दिवा समोर. विनोद झाल्यावर शांतता येते, कारण सगळ्यांचे माईक बंद असतात. ती शांतता पहिल्यांदा अंगावर येते. चेहरे बघा, माणसं हसत असतात.

दर १,५०० ठेवला. समोरासमोरच्या कार्यक्रमाला सात हजार घेत होते, पण इथे साऊंड नाही, गाडी नाही, मदतनीस नाही. फुकट मात्र एकही केला नाही. "ओळखीतलं आहे, नुसतं बोलायचंच तर आहे" असं म्हणणाऱ्यांना मी सरळ सांगितलं, "बोलणं हाच माझा व्यवसाय आहे."

नियम रोज वाचा

लग्नाला आधी पन्नास माणसं, मग एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं, दोन तास आणि मोडल्यास ५०,००० रुपये दंड, असं बदलत गेलं. यजमान म्हणतात, "काही होत नाही, या तुम्ही." कार्यक्रम घेण्याआधी महापालिकेचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा ताजा आदेश स्वतः वाचा. त्या उन्हाळ्यात एका मोठ्या लग्नाचे पंधरा हजार मी सोडले. घरात सासूबाईंना दमा आहे, आणि तेव्हा रुग्णालयात खाट मिळत नव्हती. ते पैसे सोडल्याचं मला कधीही वाईट वाटलं नाही.

कागदपत्रांची फाईल आजच करा

२०२१ च्या अखेरीस राज्य सरकारने प्रयोगात्मक कलाकारांना ५,००० रुपयांची एकरकमी मदत मंजूर केली. मला ती मिळाली नाही, कारण एवढी वर्षं कार्यक्रम करूनही मी ते करते याचा कागद माझ्याकडे नव्हता. फोटो होते, त्यांवर तारीख नव्हती. आता प्रत्येक मंडळाकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घेते: कार्यक्रम, तारीख, सही, शिक्का. हँडबिल, निमंत्रणपत्रिका, बातमीचं कात्रण, सगळं वर्षवार फाईलला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, बँक पासबुकाची प्रत त्याच फाईलमध्ये. ई-श्रमची नोंदणीही करून घ्या, १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी ती २०२१ पासून सुरू आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. रिक्षाचा परवाना कागदावर होता म्हणून नवऱ्याला त्याच वर्षी सरकारचे १,५०० रुपये आले.

संध्याकाळी सात

कार्यक्रमाची वेळ संध्याकाळची. सात वाजले की पोटात खड्डा पडायचा, हात रिकामे. आम्ही चौदा जणांनी एक गट केला: निवेदक, जादूगार, ढोलकी, कीबोर्ड, साऊंडवाले. रोज सातला एकाने दुसऱ्याला फोन करायचा, यादी लावून. कोणी फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी जवळ राहणाऱ्याने दारापर्यंत जाऊन यायचं. महिन्याला ज्याला जमेल त्याने २०० रुपये काढायचे आणि ज्याच्या घरी दोन्ही कमावणारे बसले आहेत त्याला किराणा द्यायचा. माझ्याकडे दोनदा आला. एकदा मी दिला.

सुरू होताना दर पाडू नका

निर्बंध उठले की सगळेच भुकेले असतात आणि सात हजारांचा कार्यक्रम तीन हजारांत करायला निघतात. आमच्या गटाने आधीच बसून ठरवलं की पाच हजारांच्या खाली कोणी जायचं नाही. पुढे ढकललेल्या तारखांना मात्र जुनाच दर, कारण तसा शब्द दिला होता.

त्यातली शेवटची तारीख तळेगावच्या एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाची होती, २७ मार्च २०२०. ती मी २७ मार्च २०२२ ला केली. मुलगी तीन वर्षांची झाली होती, माईक माझ्या हातातून ओढून घेत होती. तिच्या बाबांकडून ॲडव्हान्स वजा जाता उरलेले पाच हजार घेतले, डायरीतल्या सतराव्या नावासमोर टिक केली.