पेंट लॉकरचं डिझाइन शिकताना

जहाजाच्या डिझाइन ऑफिसात नवीन माणसाला पहिलं स्वतंत्र काम म्हणून बहुधा पेंट लॉकर, म्हणजे जहाजावर रंग आणि थिनर ठेवायची खोली, मिळतो. दिसायला किरकोळ खोली, पण आग, वायुवीजन, वीज आणि स्टीलकाम या सगळ्यांचे नियम तिथे एकमेकांच्या पायात येतात. शिकायला याहून चांगलं काम नाही असं माझं मत आहे, म्हणून ते कमी लेखू नका.

ड्रॉइंग उघडण्याआधी आत काय ठेवणार त्याची यादी मागा. 'पेंट आणि थिनर' एवढं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. प्रत्येक वस्तूची सेफ्टी डेटा शीट मिळवून फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती तापमानाला तिची वाफ ठिणगीने पेटू शकते, ते बघा. ॲसिटोनचा उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, टोल्युइनचा ४ अंशांच्या आसपास. म्हणजे नेहमीच्या हवेतही यांची वाफ ठिणगीची वाटच बघत असते. यादीत ब्लीच आणि ॲसिडवालं डीस्केलर (क्षारांचा थर काढायचं रसायन) दोन्ही निघाले तर त्यांना एका खोलीत बसवायचं नाही. एकत्र सांडले की क्लोरीन वायू तयार होतो. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनचे सिलिंडर इथे नकोतच, त्यांची जागा वेगळी.

नवी मुलं इथे हमखास आयएमडीजी कोड उघडून बसतात. तो जहाजाने होणाऱ्या धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी आहे, जहाजाच्या स्वतःच्या साठ्याला लागू नाही. कशाशेजारी काय नको हे समजायला त्यातला विलगीकरणाचा तक्ता जरूर वाचा, पण बांधून घेणारे नियम सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रकरण २-२ मध्ये आणि क्लासच्या, म्हणजे जहाज तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या, नियमावलीत सापडतील.

आग विझवण्याचं गणित सोपं आहे, फक्त हाताने एकदा करून बघा. कार्बन डायऑक्साइड वापरायचा तर खोलीच्या एकूण घनफळाच्या किमान ४० टक्के मोकळा वायू मिळायला हवा. लॉकर ३.५ चौरस मीटरचा आणि २.४ मीटर उंच असेल तर घनफळ ८.४ घनमीटर, त्याचे ४० टक्के ३.३६. एका किलोमागे ०.५६ घनमीटर धरला की बरोबर ६ किलो वायू लागतो. ५ किलोचा एक एक्स्टिंग्विशर पुरत नाही! ४ चौरस मीटरपेक्षा लहान आणि राहण्याच्या भागात न उघडणाऱ्या लॉकरला पोर्टेबल एक्स्टिंग्विशरची सवलत मिळते, पण आत न शिरता वायू सोडता यावा म्हणून बाहेरून तोंड ठेवावं लागतं आणि एक्स्टिंग्विशर त्याच्याजवळच टांगावा लागतो. लॉकर मोठा असेल तर बसवलेली यंत्रणाच हवी. ड्राय पावडर किंवा पाण्याचा फवाराही चालतो, फवाऱ्याला मिनिटाला चौरस मीटरमागे ५ लिटर.

सगळ्यात जास्त डोकं वायुवीजनाला लावा. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. म्हणून हवा वरून आत घ्यायची आणि तळाजवळून ओढायची. कागदावर हे सगळेच बरोबर काढतात. एका जहाजावर मी पाहिलं, खालच्या जाळीला टेकून २० लिटरच्या बादल्यांची थप्पी लावली होती. पंखा चालू, पण खालून ओढायला वाटच नव्हती. खलाशांना दोष देण्यात अर्थ नाही, दुसरी जागाच ठेवलेली नव्हती. तेव्हापासून जाळीपुढे हातभर अंतरावर आडवी पट्टी वेल्ड करायला मी ड्रॉइंगमध्येच लिहितो.

आतला दिवा स्फोटक वाफेत चालणारा, गॅस गट आयआयबी आणि तापमान वर्ग टी३ चा, स्विच बाहेर आणि सगळे पोल, म्हणजे पुरवठ्याच्या सगळ्या तारा, तोडणारा. यांत्रिक एक्झॉस्टच्या तोंडापासून ३ मीटरपर्यंतची डेकवरची जागाही धोक्याचीच धरतात. तिथे साधा फ्लडलाइट दाखवला तर क्लासचा तपासनीस, म्हणजे सर्वेअर, लाल पेन काढणारच.

रॅकला पुढे कठडा, जड डबे खाली, दाराला उंबरा, दार बाहेर उघडणारं. सांडलेलं गळून बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाच्या खोलगट भागात, जाईल असा निचरा देऊ नका.

या कामाला नेव्हल आर्किटेक्चरचीच पदवी लागते असं नाही, मेकॅनिकलची मुलंही छान करतात. नियम वाचायचा कंटाळा असेल तर मात्र जड जाईल. संधी मिळाली की जहाजावर जा आणि बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, लॉकर उघडून दाखवायला सांगा. तो कोणता डबा रोज काढतो, कुठे वाकतो, दार कशाने अडवून ठेवतो ते वहीत टिपा. रॅकची उंची ठरवताना हीच नोंद सगळ्यात जास्त कामाला येते.