कात्रीने कापलं म्हणजे क्रेडिट कार्ड बंद होत नाही : जुनी कार्डं आवरताना या चुका टाळा

२०१९ च्या दिवाळीत कपाट आवरताना मी एक जुनं क्रेडिट कार्ड कात्रीने कापलं. चिपचे दोन तुकडे केले, मागची काळी पट्टी कापली आणि निश्चिंत झाले. ते कार्ड २०१६ साली घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमध्ये, सरकत्या जिन्याशेजारी टेबल मांडून बसलेल्या मुलाकडून घेतलं होतं. पहिलं वर्ष फुकट, पुढे वर्षाला अमुक इतका खर्च केला की फी माफ, असं त्याने सांगितलं होतं. दोन-तीन वर्षं वापरलं, मग दुसरं चांगलं कार्ड मिळालं आणि हे मागे पडलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये कोलशेतच्या फ्लॅटसाठी गृहकर्जाचा अर्ज केला. कर्ज विभागातल्या अधिकाऱ्याने माझ्या सिबिल रिपोर्टचं, म्हणजे कर्ज आणि कार्डांची परतफेड कशी झाली याच्या नोंदींचं, एक पान माझ्याकडे फिरवलं. त्यावर महिन्यांच्या चौकटींची ओळ होती. ०००, ०००, ००० असं वर्षानुवर्षं नीट चाललेलं, आणि मग अचानक ०३०, ०६०, ०९०. देय तारीख उलटून किती दिवस झाले, ते या आकड्यांतून कळतं. मी कापून टाकलेलं कार्ड बँकेच्या लेखी जिवंतच होतं. ४९९ रुपये वार्षिक फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५८८ रुपये ८२ पैसे लागले होते. बिल जात होतं माझ्या जुन्या नोकरीच्या ईमेलवर. त्यावर विलंब शुल्क, व्याज आणि त्या दोन्हींवर पुन्हा जीएसटी चढत चढत रक्कम साडेसहा हजारांवर गेली होती. पैसे त्याच संध्याकाळी भरले, पण त्या चौकटी पुसल्या गेल्या नाहीत. कर्ज मिळायला सात आठवडे जास्त लागले, आणि त्या सात आठवड्यांत बिल्डरचे रोज येणारे फोन मी विसरलेले नाही.

त्यानंतर आमच्या सोसायटीत आणि नेरुळच्या माहेरी मिळून बऱ्याच जणांची जुनी कार्डं मी त्यांच्याबरोबर बसून बंद केली आहेत. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

कार्ड म्हणजे खातं नव्हे

कार्ड नुसतं प्लास्टिक असतं. बँकेकडे असतं ते कार्डाचं खातं. प्लास्टिक कापलं, हरवलं, मुदत संपली, तरी खातं उघडंच राहतं. बरेचदा मुदत संपली की नवं कार्ड आपोआप छापून जुन्या पत्त्यावर रवाना होतं. ज्यांनी ठाण्यातलं भाड्याचं घर सोडून खारघरला फ्लॅट घेतला आणि पत्ता बदलून घेतला नाही, त्यांचं नवं कार्ड कोणाच्या हातात पडतं, याचा विचार करा.

म्हणून बंद करायचं असेल तर आधी मोबाईल नंबर, ईमेल आणि पत्ता हे तीन तपासा. इथेच अर्धे घोटाळे होतात. कार्डाची बँकही बदललेली असू शकते. सिटी बँकेचा भारतातला कार्डांचा व्यवसाय १ मार्च २०२३ रोजी ॲक्सिस बँकेकडे गेला. ज्यांच्या कपाटात अजून सिटीचं कार्ड पडलेलं आहे, त्यांनी चौकशी ॲक्सिसकडे करायची.

आधी बंद, मग हिशोब : हा उलटा क्रम

नेरुळच्या काकूंनी तावातावाने फोन करून कार्ड बंद करायला सांगितलं. चार दिवसांनी उत्तर आलं, विनंती नाकारली. कारण काय, तर फ्रिजचे तीन हप्ते बाकी होते. पै न् पै चुकती झाल्याशिवाय बँक खातं बंद करत नाही.

शेवटचं बिल पूर्ण भरलं तरी लगेच अर्ज करू नका. आधी कधी बिलातली काही रक्कम पुढे ओढली असेल, तर बिल बनल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. चाळीस-पन्नास रुपयांचंच असतं, पण तेच थकतं. एक बिल शून्याचं येऊ द्या, ते डोळ्यांनी बघा, मग अर्ज करा. या महिन्याभरात रिवॉर्ड पॉइंट्स वापरून टाका, कारण खात्याबरोबर तेही जातात. उलट खात्यात तुमचेच पैसे जमा असतील, एखादा परतावा आलेला असेल, तर ते सोडू नका. खातं बंद झाल्यावर ती रक्कम बँकेने तुमच्या बँक खात्यात वळती करायची असते.

याच महिन्यात ऑटोपे, म्हणजे कार्डातून आपोआप कापली जाणारी बिलं, हीही दुसरीकडे हलवायची. ओटीटी बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी ओरडतं, म्हणून ते लक्षात येतं. वर्षातून एकदाच जाणारा विमा हप्ता कोणाच्याच लक्षात येत नाही. आयुर्विम्याच्या वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, त्यानंतर पॉलिसी बंद पडते. जुन्या कार्डावर मुदत विम्याचा हप्ता जोडलेला असेल तर सगळ्यात आधी तो दुसरीकडे न्या. मी यासाठी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, जिथे आई दुधाचा हिशोब लिहायची, तिथे गेल्या बारा महिन्यांच्या बिलांतून प्रत्येक ऑटोपे शोधून उतरवते. बाराच्या बारा बिलं बघायची, तीन बघून भागत नाही. वीजबिल, महानगर गॅस, फास्टॅगचं रिचार्ज, क्लाऊडची जागा, सगळं त्यात सापडतं.

मुदत ठेवीवर मिळालेलं कार्ड असेल तर आणखी एक काम राहतं. ठेवीवरचा बँकेचा ताबा उठला का, हे लेखी विचारा. आमच्या शेजारच्यांनी कार्ड बंद केलं आणि ठेव मोडायला गेले तेव्हा ती अडकलेलीच होती.

फोनवर गोड बोलणं ऐकून थांबणं

बंद करायचं म्हटलं की कॉल सेंटरवरून हमखास येतं, "मॅडम, फी माफ करतो, दोन हजार पॉइंट्स देतो, अजून सहा महिने ठेवून बघा." ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, पण फीमाफी कायमची आहे की एका वर्षापुरती, हे ईमेलवर लिहून मागा. ठेवायचं नसेल तर एकच वाक्य बोला, "मला खातं बंद करायचं आहे, विनंती क्रमांक द्या." क्रमांक, तारीख, वेळ लिहून घ्या.

इथे नियम आपल्या बाजूने आहेत आणि फार थोड्यांना ते माहीत आहेत, याची मला खरंच खंत वाटते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांसाठी जे नियम घालून दिले, त्यानुसार सगळी देणी चुकती असतील तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी झाली पाहिजे. नाही झाली तर पुढच्या प्रत्येक दिवसामागे ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. हेल्पलाइन, ईमेल, वेबसाइट, नेट बँकिंग, ॲप यांतून विनंती करण्याची सोय हवी. टपालानेच अर्ज पाठवा, असा हट्ट बँकेला धरता येत नाही. माझा अनुभव असा, की ईमेलमध्ये "सात कामकाजाचे दिवस" आणि "दररोज ५०० रुपये" हे शब्द सभ्यपणे लिहिले की काम हलतं.

कस्टमर केअरचा नंबर मात्र गुगलवर शोधू नका. तिथे भामट्यांचे नंबरही असतात. कार्डाच्या मागे छापलेला किंवा बँकेच्या ॲपमधला नंबरच लावा. "तुमचं जुनं कार्ड बंद करून देतो, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आपणहून आला, तर तो ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा आणि बँकेलाही.

वापरायचं नाही, पण ठेवायचं आहे

दर वेळी बंद करणंच शहाणपणाचं असतं असं नाही. समजा, तुमच्याकडे दोन कार्डं आहेत, एकाची मर्यादा दोन लाख, दुसऱ्याची एक लाख, आणि महिन्याचा खर्च ४५ हजार. तीन लाखांपैकी तुम्ही १५ टक्के वापरता. दोन लाखांचं कार्ड बंद केलं की तोच खर्च एका लाखातला ४५ टक्के होतो. खर्च वाढला नाही, तरी कागदावर तुम्ही जास्त उधारीवर जगताय असं दिसतं. ३० टक्क्यांच्या आत राहावं, असं साधारण मानतात. येत्या सहा-आठ महिन्यांत घराचं किंवा गाडीचं कर्ज काढायचं असेल तर फुकटातलं, मोठ्या मर्यादेचं जुनं कार्ड तेवढे दिवस राहू द्या. एकाच बँकेच्या दोन कार्डांची मर्यादा सामाईक असेल, तर एक बंद केल्याने हे गणित बिघडत नाही.

ठेवायचं तर मग निष्काळजीपणाने ठेवू नका. वर्षाहून जास्त काळ कार्ड वापरलं नाही, तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची असते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही आणि देणं नसेल, तर खातं बंद. ती सूचना तुमच्या मेलेल्या ईमेलवर आली, तर तुम्हाला पत्ताच नाही. म्हणून तीन महिन्यांतून एकदा महावितरणचं बिल त्या कार्डावर भरा आणि त्याच आठवड्यात पैसे चुकते करा. बाकी वेळ ॲपमधून परदेशी व्यवहार, ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं ही बटणं बंद ठेवा. ही सोय २०२० पासून सगळ्या बँकांना द्यावी लागते. टॅप केलं की ५,००० रुपयांपर्यंत पिनही लागत नाही, त्यामुळे ते बटण तर आधी बंद.

"सेटलमेंट"ला भुलू नका

जुन्या थकलेल्या कार्डावर वसुलीवाले सांगतात, चाळीस हजारांचे पंधरा द्या, विषय संपला. विषय संपत नाही. रिपोर्टमध्ये "क्लोज्ड"ऐवजी "सेटल्ड" असा शेरा बसतो आणि पुढची बँक तो वाचते. ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत, त्याला दुसरा मार्ग नसेल, मान्य आहे. पण ज्यांना जमण्यासारखं आहे त्यांनी पूर्ण भरावं.

पत्र न घेता फाईल मिटवणं

खातं बंद झाल्याचा एसएमएस येतो आणि आपण खूश होतो. तेवढ्यावर थांबू नका. खातं बंद झाल्याचं आणि काहीही देणं नसल्याचं पत्र ईमेलवर मागून घ्या, पीडीएफ दोन ठिकाणी ठेवा. ॲड-ऑन कार्डंही, म्हणजे त्याच खात्यावर घरच्यांना दिलेली जोडकार्डं, बंद झाल्याचा उल्लेख त्यात असू द्या. आता कार्ड कापा.

दीड महिन्याने रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. मी दर तीन महिन्यांनी एकीचा काढते, म्हणजे वर्षभर नजर राहते. खातं अजून उघडं दिसलं तर त्या संस्थेच्या साइटवर तक्रार नोंदवा आणि बँकेचं पत्र जोडा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळते.

बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आमच्या ओळखीतले एक काका त्यासाठी कागद घेऊन थेट सीबीडी बेलापूरच्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीपाशी गेले होते. इतकी पायपीट नको. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर घरबसल्या होते, शुल्क नाही, वकील नको. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

घरातलं माणूस गेल्यावर

यावर घरात कोणी बोलत नाही. मुख्य कार्डधारक गेला की त्यावरचं ॲड-ऑन कार्ड त्या दिवसापासून वापरू नका, किराणासाठीसुद्धा नाही. मृत्यूचा दाखला जोडून बँकेला कळवा, शिल्लक देणं लेखी मागवा. वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतःच्या पगारातून भरा, असं वसुलीवाला मुलांना सांगू लागला तर त्याला ते लेखी मागा. माझे वडील गेल्यावर त्यांच्या पाकिटात तीन कार्डं निघाली. दोन आईला माहीतच नव्हती. तेव्हापासून आमच्या कालनिर्णयमागच्या त्या यादीत प्रत्येक कार्डाचं बँकेचं नाव, शेवटचे चार आकडे आणि बिलाची तारीख असते. जानेवारीत नवं कालनिर्णय लागलं की यादी नव्याने उतरवायची. ते काम आता माझी मुलगी करते.